पडद्यावरचे ऊन : ड्रोनसाठी वेगळा उजळ मॉनिटर घ्यावा का?

मे महिन्याच्या मध्यावर अलिबागला दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो. गावाचा अक्षांश साडेअठरा अंशांच्या थोडा पुढे आहे, त्यामुळे त्या दिवसांत माणसाची सावली पायापुरती उरते. अशा वेळी नागावच्या किंवा काशीदच्या वाळूत उभे राहून ड्रोन उडवणाऱ्याला हमखास एक अडचण येते. ड्रोन नीट उडत असतो, कॅमेरा नीट टिपत असतो, पण रिमोटला लावलेल्या मोबाईलवर काहीच दिसत नाही. ब्राइटनेस शेवटपर्यंत सरकवला तरी स्क्रीनवर समुद्राऐवजी स्वतःचा चेहरा आणि शर्ट दिसतो. मग कोणीतरी सांगतो की हजार निट उजळपणाचा, जमल्यास दोन हजार निटांचा वेगळा मॉनिटर घे.

सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मॉनिटर घ्यायचा की नाही, हे तुम्ही ड्रोन कशासाठी, कोणत्या वेळी आणि कुठे उभे राहून उडवता यावर ठरते. रायगडच्या किनाऱ्यावर हे तिन्ही मुद्दे मोजून पाहता येतात. ते मोजल्यावर बहुतेकांच्या लक्षात येईल की कमतरता स्क्रीनच्या उजेडाची नाही, अडचण स्क्रीनवर पडणाऱ्या उजेडाची आहे.

किनाऱ्यावर ड्रोन कोण उडवतो

मांडव्यापासून हरिहरेश्वरपर्यंतच्या पट्ट्यात आज ड्रोन उडवणारे ढोबळमानाने तीन प्रकारचे लोक आहेत.

पहिला पर्यटक. त्याच्याकडे बहुधा अडीचशे ग्रॅमच्या आतला छोटा ड्रोन असतो. त्याला दिवेआगरचा लांबलचक किनारा, कोर्लईची टेकडी किंवा सुरूच्या बनाच्या कडेने धावणाऱ्या लाटा टिपायच्या असतात. वेळ त्याच्या हातात असते. आज नाही जमले तर उद्या सकाळी जमेल.

दुसरा व्यावसायिक छायाचित्रकार. लग्न, प्री-वेडिंग, रिसॉर्टची जाहिरात, जमिनीच्या व्यवहारासाठी वरून काढलेले चित्रण ही त्याची कामे. वेळ गिऱ्हाईक ठरवते. मुहूर्त दुपारी बारा चाळीसचा असेल तर चित्रणही दुपारी बारा चाळीसलाच होते.

तिसरा सर्वेक्षण, पाहणी किंवा गस्तीसाठी ड्रोन चालवणारा. केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली आणि गावठाणांच्या मोजणीसाठी ड्रोन गावोगाव पोहोचले. त्यानंतर ९ जानेवारी २०२५ पासून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने बेकायदा मासेमारीवर नजर ठेवण्यासाठी ड्रोनची गस्त सुरू केली. त्यासाठी सातही किनारी जिल्ह्यांत ठिकाणे निवडली गेली, आणि रायगडात रेवदंडा व श्रीवर्धन ही ती ठिकाणे. राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. एवढ्या पाण्यावर बोटींनी सतत फिरत राहणे खर्चाचे आणि वेळखाऊ असते, म्हणून ही जोड.

या गस्तीत आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. ड्रोनने टिपलेले चित्र नियंत्रण कक्षात पाहण्याची सोय या व्यवस्थेत आहे. खोलीत ऊन नसते, त्यामुळे तिथे साधा संगणकाचा पडदाही पुरतो. चित्र स्पष्ट दिसावे म्हणून पडद्याचा उजेड वाढवता येतो, तसा पडद्याभोवतीचा उजेड कमीही करता येतो. किनाऱ्यावर उभा असलेला माणूस नियंत्रण कक्ष बरोबर नेऊ शकत नाही, पण त्याचे तत्त्व नक्की नेऊ शकतो.

निटांचा हिशेब

स्क्रीनचा उजळपणा निटमध्ये मोजतात. एका चौरस मीटर पृष्ठभागातून एक कँडेला प्रकाश बाहेर पडत असेल तर तो एक निट. घरात वापरायच्या साध्या संगणकाचा पडदा अडीचशे-तीनशे निटांचा असतो. साधे, स्वस्त मोबाईल पाचशे-सहाशे निटांपर्यंत जातात. महागडे मोबाईल उन्हात हजाराच्या वर जातात.

आता समोरचा पक्ष पाहू. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. पांढरा सुती शर्ट त्यातला साधारण ऐंशी टक्के प्रकाश परत फेकतो. हिशेब केला तर उन्हातला पांढरा शर्ट सुमारे २५ हजार निटांनी उजळलेला असतो. साधी काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे चार टक्के आरशासारखा परतवते. २५ हजारांचे चार टक्के म्हणजे एक हजार निट. तुमच्या शर्टाचे प्रतिबिंबच हजार निटांचे असेल तर सहाशे निटांचा मोबाईल त्याच्यापुढे टिकणार नाही, आणि हजार निटांचा मॉनिटरही फार तर बरोबरी साधेल. हाच शर्ट गडद निळा किंवा काळा असता तर प्रतिबिंब शे-दीडशे निटांच्या आत राहिले असते. एका शर्टाच्या रंगाने पडणारा हा फरक मॉनिटरच्या किमतीएवढा मोलाचा आहे.

शर्ट नसला तरी आकाश आहेच. कोकणातल्या दमट, किंचित धुरकट हवेत आकाशाचा उजळपणा काही हजार निटांचा असतो. त्याचे चार टक्के म्हणजे दोनशे-तीनशे निट. शिवाय खाऱ्या वाऱ्याने काचेवर बसलेला मिठाचा पातळ थर, बोटांचे ठसे आणि सनस्क्रीनचे तेल ऊन सगळीकडे पसरवतात आणि स्क्रीनवर पांढुरका पडदा ओढतात.

डोळ्याला चित्र दिसते ते पांढऱ्या आणि काळ्या भागातल्या फरकामुळे. समजा, प्रतिबिंबाचा उजेड तीनशे निट आहे. तो पांढऱ्या आणि काळ्या दोन्ही भागांत सारखाच मिसळतो. मोबाईल सहाशे निटांचा असेल तर पांढरा भाग नऊशे आणि काळा तीनशे होतो. प्रमाण ३ : १. हजार निटांच्या मॉनिटरवर १३०० आणि ३००, म्हणजे साधारण ४.३ : १. दोन हजार निटांच्या मॉनिटरवर २३०० आणि ३००, म्हणजे सुमारे ७.७ : १. संकेतस्थळांवरचा मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुराला किमान ४.५ : १ हे प्रमाण धरले आहे. त्या मोजपट्टीवर मोबाईल बराच मागे पडतो, हजार निटांचा मॉनिटर थोडक्यात चुकतो आणि दोन हजारांचा पार होतो.

आता तोच सहाशे निटांचा मोबाईल घ्या आणि त्याच्याभोवती काळा हूड लावून प्रतिबिंब तीनशेवरून पन्नास निटांवर आणा. पांढरा ६५०, काळा ५०, प्रमाण १३ : १. उघड्यावरच्या दोन हजार निटांच्या मॉनिटरपेक्षा हे कितीतरी पुढे आहे. प्रतिबिंब कमी केल्यावर भागाकाराचा खालचा आकडा लहान होतो आणि फरक झपाट्याने वाढतो. उजेड वाढवल्याने तो सावकाश वाढतो. त्यातच डोळ्याला दुप्पट प्रकाश दुप्पट उजळ वाटत नाही, त्यामुळे निटांच्या आकड्यांतली मोठी उडी प्रत्यक्षात लहान जाणवते.

कंपन्यांनाही हे उमगले आहे. २०२४ मध्ये आलेल्या सॅमसंगच्या एस२४ अल्ट्रा या मोबाईलचा कमाल उजळपणा २६०० निट सांगितला गेला. त्याच वेळी त्याच्या काचेवरचे परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत कमी केल्याचा दावा काच बनवणाऱ्या कॉर्निंग कंपनीने केला. उन्हात दिसण्यासाठी यातले दुसरे वैशिष्ट्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

खरेदीआधी स्वतः करून पाहण्याजोगी एक चाचणी आहे. नेहमी जिथे ड्रोन उडवता तिथे, नेहमीच्या वेळी उभे राहा. मोबाईल बंद करा आणि उडवताना धरता तसा धरा. बंद काचेत जे दिसेल त्याच्याशी तुमच्या स्क्रीनला झुंजायचे आहे. काचेत लख्ख आकाश किंवा शर्ट दिसत असेल तर आधी तो हलवा. काच बऱ्यापैकी काळी दिसत असेल आणि तरीही चित्र फिके वाटत असेल, तरच जास्त निटांचा विचार करा.

पश्चिमेकडे तोंड असलेला किनारा

रायगडचा किनारा पश्चिमेकडे उघडतो. इथे ड्रोन उडवणारा बहुधा समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उभा असतो. त्यामुळे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी ऊन वेगवेगळ्या बाजूंनी त्रास देते.

सकाळी सूर्य पाठीमागे असतो. खांद्यावरून येणारे ऊन थेट स्क्रीनवर पडते. पण याच वेळी स्वतःच्या शरीराची लांब सावली समोर पडलेली असते. रिमोट छातीजवळ धरून त्या सावलीत घेतला की निम्मे काम होते. दुपारी सूर्य डोक्यावर असतो, सावली उरत नाही आणि आडवी धरलेली स्क्रीन सरळ आभाळाला तोंड देते. स्क्रीनसाठी हा सगळ्यात वाईट काळ. दुपार कलल्यावर सूर्य समोर येतो. आता स्क्रीनची मागची बाजू उन्हात आणि पुढची सावलीत असते, पण ऊन तुमच्या छातीवर पडते आणि शर्टाचे प्रतिबिंब काचेत उतरते. शिवाय पाण्यावरच्या चमचमाटाने डोळे दिपतात. दिपलेल्या डोळ्यांना सावलीतली स्क्रीनही काही क्षण काळी वाटते. इथे टोपीची रुंद कड मॉनिटरपेक्षा जास्त उपयोगी पडते.

जागा निवडतानाही हाच विचार करावा. नागाव, काशीद, दिवेआगर इथे किनाऱ्यालगत सुरूची बने आहेत. बनाच्या समुद्राकडच्या कडेला झाडे पाठीशी घेऊन उभे राहिले की डोक्यावर थोडी सावली मिळते आणि स्क्रीनच्या काचेत उजळ आकाशाऐवजी गर्द झाडी उतरते. ड्रोन मात्र समोरच्या मोकळ्या वाळूतून उडवावा. झाडांखालून उडवला तर उपग्रहांचा संकेत कमी मिळतो आणि रिमोट व ड्रोन यांच्यामध्ये फांद्या आल्या तर संपर्क कमजोर होतो.

वाऱ्याचे गणितही उन्हाच्या गणिताशी जुळते. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे रोज अनुभवाला येतात. दुपारी जमीन तापली की खारे वारे समुद्राकडून जोराने वाहू लागतात, आणि मार्च ते मे या काळात त्यांचा जोर चांगलाच जाणवतो. डीजेआय कंपनीचे मिनी ३ आणि मिनी ४ प्रो यांसारखे छोटे ड्रोन सेकंदाला १०.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३८ किलोमीटर वाऱ्यापर्यंत टिकतात असे कंपनी सांगते. पण त्या मर्यादेजवळ उडवणे म्हणजे बॅटरी जाळणे. पहाटे आणि सकाळी वारा मंद असतो. फक्त एक सावधगिरी हवी. तेव्हा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. जाताना ड्रोनला वाऱ्याची साथ मिळते आणि परतताना वारा समोरून येतो, म्हणून परतीसाठी बॅटरी राखून ठेवावी लागते.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची. कुलाबा किल्ल्याभोवतीचे खडक आणि ओली वाळू उघडी पडलेली टिपायची तर ओहोटी हवी. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. या उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वाधिक दूर जाते आणि ते नेमके कोवळ्या उन्हाच्या वेळी जाते. पुढे रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी सरकते. अष्टमीच्या सुमारास ओहोटी दुपारी येते, पण तेव्हा भांगाची भरती-ओहोटी असल्याने पाणी फारसे हटतही नाही. म्हणजे उत्तम ओहोटी, मंद वारा आणि सौम्य ऊन या तिन्ही गोष्टी पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या दोन-तीन सकाळी एकत्र मिळतात. वेळ हातात असलेल्या पर्यटकाने भरतीचे कोष्टक पाहिले तर त्याला मॉनिटरची गरजच पडणार नाही.

ओहोटीचा आणखी एक धडा. उघड्या पडलेल्या वाळूतून उड्डाण केले तर ड्रोन तीच जागा परतीचे ठिकाण म्हणून लक्षात ठेवतो. भरती चढू लागली की ती जागा पाण्याखाली जाते. होडीतून उडवल्यास होडी सरकते आणि परतीचे ठिकाण मागे समुद्रात राहते. अशा वेळी स्क्रीनवरचा परतीच्या ठिकाणाचा संदेश वाचता येणे सुंदर चित्र दिसण्यापेक्षा महत्त्वाचे असते.

स्क्रीनवर नेमके काय पाहायचे

स्क्रीनची कामे तीन. चौकट ठरवणे, उजेडाचे प्रमाण ठरवणे आणि ड्रोनची स्थिती वाचणे. यांपैकी प्रत्येकाला लागणारा उजळपणा वेगळा आहे.

चौकट ठरवायला ढोबळ आकार दिसले तरी पुरते. किल्ला डावीकडे, क्षितिज वर, लाटा तिरक्या एवढे फिक्या स्क्रीनवरही कळते.

उजेडाचे प्रमाण, म्हणजे एक्स्पोजर, डोळ्याने ठरवणे मात्र धोक्याचे. उन्हात स्क्रीन काळवंडलेली दिसते, म्हणून माणूस एक्स्पोजर वाढवत जातो. घरी येऊन पाहतो तर लाटांचा फेस आणि वाळू पांढरीफटक झालेली असते. त्यातला तपशील परत मिळत नाही. यावर उपाय हिस्टोग्राम आणि झेब्रा पट्ट्यांचा. हिस्टोग्राम चित्रातल्या उजेडाची वाटणी आलेखात दाखवतो, झेब्रा जास्त उजळलेल्या भागावर तिरक्या रेघा ओढतो. दोन्ही कॅमेऱ्याला मिळालेल्या माहितीवर चालतात, स्क्रीन किती उजळ आहे याच्याशी त्यांचा संबंध नसतो. दोन हजार निटांचा मॉनिटर असला तरी अनुभवी माणूस एक्स्पोजरसाठी हिस्टोग्रामच पाहतो.

तिसरे काम सुरक्षिततेचे. बॅटरी, उंची, अंतर, उपग्रहांची संख्या, वाऱ्याचा इशारा हे आकडे वाचता आलेच पाहिजेत, आणि इथे स्क्रीनची अडचण खरोखर गंभीर होते. पण ध्वनिसूचनांना उजेड लागत नाही. बॅटरी आणि अंतराचे आवाजी इशारे चालू ठेवावेत, परतीची बॅटरी-मर्यादा आधीच वाढवून ठेवावी आणि परतीची उंची उडण्याआधी सावलीत बसून तपासावी. पाण्यावर अगदी खाली उडताना ड्रोनच्या पोटाखालचे कॅमेरे हलत्या लाटांमुळे फसतात आणि उंचीचा अंदाज चुकू शकतो. त्या वेळी नजर स्क्रीनवर नको, ड्रोनवर हवी.

खरे तर नजर बहुतेक वेळ ड्रोनवरच असायला हवी. या किनाऱ्यावर घारी आणि समुद्री गरुड आहेत. आपल्या हद्दीत घुसलेल्या ड्रोनवर पक्षी झेपावतात, आणि त्यांची झेप कोणत्याही स्क्रीनवर वेळेत दिसत नाही. खूप सुंदर, मोठा, उजळ मॉनिटर माणसाला खाली पाहायला लावतो, हा त्याचा दुर्लक्षित तोटा आहे.

बाजारात काय मिळते

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मोबाईलला लावायचा घडीचा हूड. तो काहीशे रुपयांत मिळतो, काळ्या पुठ्ठ्यातून घरीही करता येतो. हूड वापरताना मोबाईलचा ऑटो-ब्राइटनेस बंद करावा. नाहीतर हूडच्या अंधारात मोबाईलला संध्याकाळ झाल्यासारखे वाटते आणि तो स्क्रीन मंद करतो. याची दुसरी बाजूही आहे. बऱ्याच मोबाईलचा जाहिरातीतला कमाल उजळपणा फक्त ऑटो-ब्राइटनेसवर, कडक उन्हात आणि थोड्या वेळापुरता मिळतो. म्हणून तुमच्या मोबाईलवर कोणती पद्धत जास्त चांगली दिसते ते दोन्ही करून पाहावे.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हवेचे तापमान सांगितले आहे. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात धरलेला काळ्या काचेचा मोबाईल याच्या पलीकडे सहज तापतो. तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो ब्राइटनेस आपोआप उतरवतो. सहाशे निटांचा मोबाईल दहा मिनिटांनी सहाशेचा राहत नाही, आणि ही गोष्ट कोणत्याही जाहिरातीत लिहिलेली नसते. वेगळ्या मॉनिटरचा आणि स्क्रीन बसवलेल्या रिमोटचा खरा फायदा इथे आहे. ती उपकरणे उन्हात सलग चालावीत म्हणूनच बनवलेली असतात आणि अनेकांत पंखाही असतो.

वेगळ्या मॉनिटरचा इतिहास बोलका आहे. डीजेआयने २०१७ मध्ये क्रिस्टलस्काय नावाचे मॉनिटर आणले, साडेपाच आणि ७.८५ इंचांचे, हजार आणि दोन हजार निटांचे. पुढे ते बंद झाले आणि उजळ स्क्रीन रिमोटमध्येच बसवली गेली. २०१९ चा स्मार्ट कंट्रोलर आणि नंतरचा आरसी प्रो हजार निटांचे होते. सामान्य ग्राहकासाठी २०२२ मध्ये आलेला डीजेआय आरसी मात्र सातशे निटांचा. २०२५ मधला आरसी प्रो २ पुन्हा दोन हजार निटांवर गेला, पण तो महागड्या ड्रोनबरोबर. म्हणजे हौशी माणसाला सातशे निट आणि व्यावसायिकाला हजार ते दोन हजार निट, अशी वाटणी बाजारानेच केलेली दिसते.

अशा रिमोटचा मोठा गुण म्हणजे सोय. मोबाईल जोडणे नाही, मध्येच येणारा फोन नाही, केबल नाही. पण तो सगळ्या ड्रोनना चालत नाही. डीजेआय आरसी मिनी ३ ला जोडता येतो, मिनी २ ला नाही. पुढच्या पिढीच्या मिनी ४ प्रोला आरसी २ लागतो. ड्रोन बदलला की रिमोटही बदलावा लागू शकतो. हूडला हे बंधन नाही.

छायाचित्रकार वापरतात ते पाच-सात इंची एचडीएमआय मॉनिटर दोन हजार निटांच्या वरही मिळतात. पण रिमोटला एचडीएमआयची जागा हवी. साध्या आरसी-एन१ रिमोटला किंवा डीजेआय आरसीला ती नाही, आरसी प्रोला आहे. त्यात वेगळी बॅटरी, धरायचा दांडा आणि गळ्यात टांगायचे वजन येते. दमट हवेत हे सगळे सांभाळत उभे राहणे थकवते. मोठा टॅब्लेट घेण्याचाही मोह होतो, पण आकार वाढला म्हणून निट वाढत नाहीत. उलट मोठी काच जास्त आकाश दाखवते.

मॅट फिल्म लावताना विचार करावा. ती आरशासारखे प्रतिबिंब मोडते, पण थेट ऊन पडले तर तेच ऊन सगळ्या स्क्रीनभर पसरवते. सावलीत ती चांगली, उन्हात नाही. आणि पाण्याची चमक टाळण्यासाठी घातलेला पोलराइज्ड चष्मा एलसीडी स्क्रीनला एका कोनात जवळजवळ काळी करू शकतो. मॉनिटरला दोष देण्याआधी चष्मा काढून पाहावा.

डोळ्यांवर चढवायचे गॉगल हा आणखी एक पर्याय. डीजेआयच्या गॉगल्स २ मधले छोटे पडदे सातशे निटांचे आहेत आणि भर उन्हातही चित्र लख्ख दिसते, कारण बाहेरचा उजेड आत येतच नाही. पण गॉगल चढवला की आकाश दिसत नाही, म्हणून शेजारी ड्रोनवर नजर ठेवणारा दुसरा माणूस हवाच.

पैसे घालण्याआधी

मॉनिटरच्या आधी खर्चाच्या दुसऱ्या बाबी आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतचा मायक्रो गटात येतो. मायक्रो ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते. नॅनो सोडून इतर ड्रोनना त्रयस्थ पक्षाचा विमाही लागतो. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येते, लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. रायगड जिल्ह्यात बंदर, मोठे कारखाने, नौदलाची ठिकाणे आणि आता पनवेल तालुक्यात नवी मुंबईचा विमानतळ आहे. म्हणून प्रत्येक ठिकाणी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहूनच उडवावे. कुलाबा आणि जंजिरा हे केंद्र संरक्षित किल्ले आहेत. तिथे ड्रोनसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. त्यामुळे अशा ड्रोनची आणि त्याच्या खास रिमोटची दुरुस्ती सहज होईल असे धरून चालू नये. खाऱ्या हवेत यंत्र लवकर खराब होते. ज्या यंत्राचा सुटा भाग मिळण्याची खात्री नाही, त्यावर मोठी रक्कम घालण्याआधी दोनदा विचार करावा.

मग कोणी घ्यावा

पर्यटकाने आणि हौशी माणसाने वेगळा मॉनिटर घेऊ नये. त्याचे पैसे हूड, जास्तीची बॅटरी आणि ड्रोनचे जास्तीचे पंखे यांवर खर्च व्हावेत. नवा ड्रोन घेतानाच स्क्रीनचा रिमोट परवडत असेल तर तो सोयीसाठी जरूर घ्यावा.

महिन्यातले बरेच दिवस दुपारी काम करणाऱ्या छायाचित्रकाराने हजार निट किंवा त्याहून उजळ स्क्रीनचा रिमोट घ्यावा, आणि त्यालाही हूड लावावा. त्याच्यासमोर गिऱ्हाईक उभे असते, दुसरी संधी मिळत नाही आणि तापून मंदावणारा मोबाईल त्याला परवडत नाही. दिग्दर्शक किंवा ग्राहक शेजारी उभा राहून चित्र पाहणार असेल तरच वेगळा एचडीएमआय मॉनिटर उपयोगी.

नकाशासाठी सर्वेक्षण करणारे मुद्दाम दहा ते दोनच्या दरम्यान उडवतात, कारण तेव्हा सावल्या आखूड असतात. त्यांचे उड्डाण आधी आखलेल्या मार्गाने होते, पण इशारे वाचणे जबाबदारीचे असते. बंदर, मनोरे आणि पूल यांची पाहणी करणाऱ्यांना बारीक तडे जागेवरच ओळखावे लागतात. या दोघांसाठी उजळ मॉनिटर चैनीचा नाही, तो कामाचे अवजार आहे. संस्थेने त्याचा खर्च करावा, कर्मचाऱ्यावर टाकू नये. मात्र तिन्हीसांजेनंतर काम करणाऱ्यांनी तोच मॉनिटर मंद करायला विसरू नये. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात आणि प्रखर स्क्रीनकडे एकदा पाहिले की ती कमाई जाते.

खरेदीचा क्रम असा ठेवा. आधी वेळ आणि जागा बदला, मग गडद शर्ट आणि टोपी घाला, काच ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा, हूड लावा, आवाजी इशारे चालू करा. एवढे करूनही बॅटरीचा आकडा वाचता येत नसेल, आणि तुमचे काम दुपारशी बांधलेले असेल, तर मॉनिटर जरूर घ्या, तो पैसे वसूल करून देईल. नसेल, तर पुढच्या पौर्णिमेनंतरच्या सकाळी सूर्य वर चढण्याआधी किनाऱ्यावर पोहोचा आणि आहे त्याच मोबाईलवर ड्रोन उडवा.